आवाज म्हणजे झीज

१

परळच्या एका मिलमध्ये मी मेन्टेनन्स खात्यात फिटर होतो. लोकांना वाटतं, फिटर म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणारा. आमच्या खात्यात ते कमीपणाचं काम समजत. साचा, म्हणजे माग, बंद पडला आणि कामगार हातावर हात ठेवून उभा राहिला म्हणजे आमची लाज गेली. आमचं काम त्याच्या आधीचं. चालत्या साच्यांमधून फिरायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. आतली टकटक, किरकिर, घासल्यासारखं काही, सगळं हाडातून डोक्यात येतं. आवाज म्हणजे झीज, आणि झीज म्हणजे उद्याचा बिघाड. तो आजच काढून टाकायचा.

संपानंतर मिलनं आम्हाला परत घेतलं नाही. मी घाटकोपरला भटवाडीत घरी बसून होतो. साल चौऱ्याऐंशी. माझा मेहुणा चंद्रप्रकाश, आमचा चंदू, मढ बेटावर शूटिंगवाल्यांना सामान पुरवायचा. जुन्या मोटारी, टांगे, लाकडी तोफा, जे मागतील ते. एक दिवस येऊन तो म्हणाला, "भावोजी, लढाईचे पिक्चर निघतायत आणि मिलिटरीचा जुना ट्रक कुणाकडे नाही. कुर्ल्याला भंगारवाल्याकडे एक उभा आहे. आपण घेऊ. मी कामं आणतो, तुम्ही चालवा आणि तुम्हीच सांभाळा. झकास धंदा आहे."

ट्रक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, अमेरिकन, सैन्यानं लिलावात काढलेला. लांब नाक, गोल डोळे, हिरव्या रंगाखाली आणखी कुठलातरी हिरवा. आग्रा रोडच्या आतल्या बाजूला रंगाचा एक कारखाना बंद पडला होता. त्याची पत्र्याची शेड चंदूनं मिळवली. कुलूप मी घातलं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला.

माझी बायको सुगंधा म्हणाली, "हे लोखंडाचं मढं कशाला आणलंत? मुलुंडला वॉचमनची नोकरी मिळत होती ती काय वाईट होती?" आणि तिनं पातेली अशी आपटली की शेजारच्यांनी रेडिओ लहान केला.

मी पहिल्याच रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडवर गेलो. इंजिन सुरू केलं आणि ऐकलं. झडपांचे टॅपेट वाजत होते. पाण्याच्या पंपात किरकिर होती. ऑइलच्या चेंबरमध्ये खोलवर एक घोगरा आवाज होता, म्हाताऱ्याच्या घशासारखा. मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी मला काम दिसत होतं.

२

जुनं ऑइल काढलं ते डांबर होतं. नवीन भरलं. फिल्टर पेट्रोलमध्ये धुतला, प्लग घासले, ग्रीस गननं खालचे सगळे सांधे भरले. टॅपेटचं काम मोठं, ते पुढच्या रविवारवर ठेवलं.

मधल्या आठवड्यात मढला शूटिंग होतं. वाळूतून, उन्हातून, मागे सोल्जरच्या कपड्यातली माणसं भरून दिवसभर ट्रक पुढे-मागे केला. इंजिन तापून फुफाटा झालं होतं. रविवारी मी ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहिली. जुन्या इंजिनात असल्या राबणुकीनंतर ऑइल काळं पडायलाच हवं. ते मधासारखं होतं, मी ओतलं होतं तसं.

मी स्वतःशी म्हटलं, नवीन ऑइल आहे, जेमतेम एक दिवस चाललंय. इंजिन सुरू केलं. टॅपेट वाजत नव्हते.

बंद करून झाकण उघडलं. टॅपेटच्या फटीत गेजची पातळ पट्टी घालून पाहिली. प्रत्येक ठिकाणी ती अशी सरकली, जशी मी स्वतः जुळवल्यावर सरकते. ना घट्ट, ना सैल. हे काम आपोआप होत नाही. पाना लागतो, धीर लागतो, वाकून कंबर मोडते.

आणि सांध्यांवर ग्रीस होतं. माझं ग्रीस गडद तपकिरी. हे फिकट पिवळं होतं, लोण्यासारखं, नुकतंच लावलेलं.

३

"मी?" चंदू म्हणाला. "मी हात लावतो का यार त्याला? मला बॉनेट उघडता येत नाही."

"मग कुणीतरी केलंय, चंदू."

"केलंय ना? तुमचं काम वाचलं. कशाला लफडं करता?" मग जरा थांबून म्हणाला, "एक आहे पण, भावोजी. परवा मढला तुम्ही ट्रक मागे घेत होतात, तेव्हा एक लाइटवाला मरता मरता वाचला. तो म्हणतो, ट्रक मागे येतोय हे कळलंच नाही. आवाजच नाही म्हणतो. मी त्याला म्हटलं, कानात बोळे घालून काम करतोस काय."

मी विचार केला. किल्ली माझ्याकडेच होती. शेडला दुसरं दार नव्हतं. भिंतीच्या वरच्या फटीतून कबुतर येईल, माणूस नाही. एक शक्यता राहत होती ती मीच. मिल गेल्यापासून मी कधीकधी खिडकीशी बसायचो आणि दुपार कशी गेली ते सांगता यायचं नाही. तसाच कधी शेडवर जाऊन काम करून आलो असेन आणि विसरलो असेन. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून बॉनेटच्या फटीवर मी आडवा दोरा बांधला, नाक्यावरच्या फुलवाल्याकडून आणलेला, ओढला तर तुटेल असा. शेडच्या दारातल्या जमिनीवर फरशीची भुकटी पसरली. आठवडाभर ट्रक हलला नाही.

रविवारी दोरा जसाच्या तसा होता. भुकटीवर पाय नव्हता. दोरा तोडून मी बॉनेट उघडलं. पाण्याच्या पंपाची किरकिर मी त्या दिवसासाठी ठेवली होती. ती गेली होती. पंपाच्या दांड्यावर फिकट पिवळं ग्रीस होतं आणि पट्टा नवीन असल्यासारखा ताणलेला होता.

मी बॉनेट लावून घेतलं. आता करायला काही नव्हतं. घमेलं उलटं घालून त्यावर बसून राहिलो आणि वेळ झाल्यावर घरी गेलो.

४

आमचं घर दोन खोल्यांचं, चढावर. बाहेरच्या खोलीत माझे वडील नाना आणि आमची मुलगी शकू, आत आम्ही दोघं. घरात आवाज फार. दार कुरकुरायचं. नाना खोकायचे. त्यांची हयात मिलच्या पिंजण खात्यात गेली, छातीत कापूस बसला होता. सुगंधाची भांडी बोलायची आणि भांड्यांपेक्षा ती जास्त. शकू आठ वर्षांची, धडा वाचायची तो ओरडून, एकाच चालीत. पुढचा दात पडल्यापासून प्रत्येक 'स' ची शिट्टी व्हायची.

एका दुपारी मी घरी आलो, दार ढकललं आणि दचकलो. दार उघडलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

"दाराला तेल घातलंस?" मी सुगंधाला विचारलं.

"मी कशाला घालू? फिटर तुम्ही. दहा वेळा सांगितलं तेव्हा ढिम्म. आज घातलंत ते चांगलं केलंत."

मी बिजागरीवर बोट फिरवलं. बोटाला थोडं फिकट पिवळं लागलं. ते मी लेंग्याला पुसलं. चिकटून आलं असेल माझ्याच कपड्यांवरून, असं मी ठरवलं. मी रोज त्यातच तर हात घालत होतो.

५

नानांचा खोकला थांबला.

सकाळी उठल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नळाला पाणी येऊन गेलं, खालचा दूधवाला ओरडून गेला, तरी चुकल्यासारखंच. मग लक्षात आलं, नाना अजून खोकले नाहीत. मी धावत बाहेरच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसून होते. डोळे उघडे, पाठ ताठ.

"नाना, बरं वाटतंय ना?"

"बरा आसा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी नळी लावून बघितलं आणि हसून म्हणाले, कापूस खाल्लेल्या माणसाची इतकी स्वच्छ छाती त्यांनी पाहिली नव्हती. शेजारच्या प्रेमाबाईंनी पेढे मागितले. आम्ही सगळे खूश होतो. सुगंधासुद्धा.

पण नाना रोज उठल्या उठल्या मला म्हणायचे, "काशी, मेल्या, माझी तंबाखू खंय लपवलंस?" ते विचारणंही थांबलं. रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या देणं थांबलं. गावच्या आंब्यावरून चुलत्याशी चाळीस वर्षं चाललेलं भांडण ते रोज नव्यानं सांगायचे, तेही थांबलं. दुपारी मी त्यांच्यापुढे तंबाखूची पुडी ठेवली. त्यांनी ती बघितली, जशी आपण दुसऱ्याची वस्तू बघतो.

"नको?"

"बरा आसा."

मी त्यांच्या पाठीला कान लावला. लहानपणी मी तसाच झोपायचो, त्यांच्या पाठीला कान लावून. आत शिट्ट्या असायच्या, घरघर असायची, कधी कुणी चालत आल्यासारखं वाटायचं. आता आत एकसारखं काहीतरी चाललं होतं. ना मागे, ना पुढे. कुठेही घासत नव्हतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात पहिला विचार आला तो असा की, काम उत्तम झालंय.

६

सुगंधाचं लक्षात यायला मला वेळ लागला, कारण शांतता हवीशीही असते.

तिनं माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. स्टीलचं ताट, शहाबादी फरशी. आवाज झाला नाही. वाटी ठेवली, तांब्या ठेवला. नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, मी जेवायची.

मी मुद्दाम म्हटलं, "आमटी आळणी आहे."

"बरं. मीठ देते."

"त्या मुलुंडच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय. कायमचं."

ते खोटं होतं. मला वाटलं आता पातेलं येईल. माझे खांदे आपोआप वर झाले होते.

"बरं," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून त्या बाईनं माझं एकही वाक्य सरळ जाऊ दिलं नव्हतं. आमच्या लग्नातसुद्धा मुंडावळ्या नीट बांधल्या नाहीत म्हणून ती माझ्याशी भांडली होती, भटजींच्या समोर. आणि आता ती मीठ घेऊन उभी होती. केस मागे बांधलेले. कानाच्या मागे, केस सुरू होतात तिथे, पिवळसर काहीतरी दिसलं.

मी उठलो आणि अंगठ्यानं ते पुसलं. लोण्यासारखं. नाकाजवळ नेलं, त्याला वास नव्हता.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मी हात धुवून उरलेलं जेवलो.

७

शकू माझ्याजवळ येऊन बसली. मी खिडकीशी होतो.

"बाबा, मी बरणी फोडली."

"कुठली?"

"लोणच्याची. मुद्दाम फोडली. आईनं तुकडे उचलले. काहीच बोलली नाही." तिनं माझी बाही ओढली. "बाबा, आई रागवत का नाही? ती आजारी आहे का? आजोबापण आजारी आहेत का?"

"आजोबा बरे झालेत."

"नाही," ती म्हणाली. "सगळं घर असं असं झालंय." तिनं हाताचे तळवे एकमेकांवरून फिरवले, गुळगुळीत काहीतरी दाखवल्यासारखे. मग ती रडायला लागली. मोठ्यानं, नाक ओढत, शिट्टी वाजवत. त्या घरात तेवढाच आवाज होता. आतल्या खोलीत सुगंधा होती, बाहेर पलंगावर नाना. कुणी आलं नाही.

मी तिला जवळ घेतलं. तिच्या फ्रॉकच्या कॉलरच्या आत, गळ्याशी, एक बोट उमटलं होतं. फिकट पिवळं. नुकतंच टेकवून बघितल्यासारखं.

मी सदऱ्यानं ते पुसून काढलं. पुन्हा पुसलं, कातडी लाल होईपर्यंत. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती रडता रडता हसली. मी तिला सांगितलं, तू प्रेमाबाईंकडे जाऊन बस, मी येईपर्यंत घरी येऊ नकोस, आणि तिथे मोठ्यानं धडा वाच. ती गेली. मी स्क्रूड्रायव्हर आणि पान्यांची पिशवी उचलली.

८

दुपारची वेळ होती. शेडचा पत्रा तापला होता आणि आत जुन्या रंगाचा वास होता. वरच्या फटीतून उन्हाचे पट्टे ट्रकवर पडले होते.

मी वाटेत सगळं ठरवलं होतं. हे ट्रकबरोबर आलं. ट्रक विकला तर दुसऱ्याच्या घरी जाईल. पण मेलेल्या इंजिनाची निगा कुणी राखत नाही. चेंबरचा नट काढायचा, ऑइल पूर्ण जाऊ द्यायचं आणि इंजिन तसंच चालवायचं. कोरडं इंजिन फार वेळ टिकत नाही. आधी किंचाळतं, मग ठोके देतं, मग जाम होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत जे होऊ दिलं नाही ते मी आज हातानं करणार होतो.  

नट काढला. ऑइल घमेल्यात पडलं, स्वच्छ, तळ दिसेल इतकं स्वच्छ. शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबलो. मग वर चढून इंजिन सुरू केलं, वेग तसाच राहावा म्हणून हॅन्ड थ्रॉटल ओढून ठेवला आणि खाली उतरून समोर उभा राहिलो.

ते किंचाळलं नाही. आवाज वाढायच्या ऐवजी कमी होत गेला. आधी एक्झॉस्टचा गेला. मग पंख्याचा. पंखा फिरत होता, वारा माझ्या तोंडावर येत होता, सदरा फडफडत होता, आणि सदऱ्याचासुद्धा आवाज नव्हता. बाहेर आग्रा रोडवरचे ट्रक ऐकू यायचे, तेही येत नव्हते.

मी स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ कानामागे लावली. नुसती मूठ हाडाला लावली तरी माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं. ते नव्हतं.

खाली बघितलं तेव्हा ट्रकच्या खालून दोन पाय बाहेर आले होते.

कुणीतरी पाठीवर झोपून काम करत असावं तसे, चवडे वर, टाचा जमिनीला. मी काम करताना जे पोतं अंथरतो त्यावर. पाय माणसाचेच होते, मोठे. पण टाचांना भेग नव्हती, तळव्यांना रेघ नव्हती. जन्मल्यापासून जमिनीला न लागलेले पाय. मला वाटलं चंदू असेल. चंदू नाही हे मला माहीत होतं, तरी वाटलं.

मी गुडघ्यावर बसलो आणि वाकून बघितलं. कमरेच्या वर इंजिनाचा काळोख होता. त्या काळोखात दोन हात चालत होते, सावकाश, बाळाला न्हाऊ घालावं तसे. ते मी काढलेल्या नटाच्या जागी काहीतरी करत होते.

"कोण आहे?" मी म्हणालो. म्हणालो असं मला वाटतं.

हात थांबले. मग एक हात बाजूनं बाहेर आला, तळवा वर, उघडा. बोटं जरा हलली. फिटर खाली असला की वरच्याकडे असाच हात पुढे करतो. त्याला बोलावं लागत नाही. वरच्याला कळायला हवं.

मी पिशवीतून बरोबर मापाचा पाना काढला आणि त्या हातावर ठेवला. हात आत गेला.

मी काही वेळ तसाच बसून राहिलो, आणखी काही लागेल म्हणून.

९

त्याच संध्याकाळी मी शकूला विलेपार्ल्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे नेलं. सुगंधानं तिची पिशवी भरून दिली, घड्या फार सुरेख घातल्या होत्या. का नेताय, किती दिवस, काही विचारलं नाही. शकू तिला बिलगली तेव्हा तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खाली, वरून खाली, आणि मग हात बाजूला घेतला.

विमलताई पार्ल्यात जुन्या लाकडी जिन्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. खाली मालकांचा फोन आहे. वारा असला की कारखान्यातल्या बिस्किटांचा वास घरात येतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काशी, काय झालं? घरी भांडण झालं?"

"नाही," मी म्हटलं. "भांडण होत नाही."

"मग तोंड असं का?"

"कसं?"

तिला सांगता आलं नाही. ती शकूला खायला द्यायला आत गेली.

चंदूला मी सांगितलं की इंजिन जाम झालं. तो शेडचं कुलूप तोडून बघून आला आणि माझ्या दारात उभा राहून वाट्टेल ते बोलला. "फर्स्ट क्लास चालतोय ट्रक. हात लावला की सुरू. मला फसवता काय, भावोजी?" मी त्याला एवढंच म्हटलं की तो ट्रक ज्याचा त्याला परत दे आणि आमच्या घरी येऊ नकोस. तो रागानं लाल झाला होता. मग आपल्या बहिणीकडे, सुगंधाकडे वळून म्हणाला, "ताई, तू तरी काही बोल." सुगंधा म्हणाली, "बरं." चंदू तिच्याकडे बघत राहिला आणि मग पाठ न फिरवता पायऱ्या उतरून गेला. ट्रक कुर्ल्याला परत गेला. चंदू आजवर आलेला नाही. ते बरंच झालं.

मुलुंडची नोकरी मी घेतली. मी चांगला वॉचमन आहे, असं साहेब म्हणतात.

१०

ट्रक गेला तरी घर तसंच राहिलं.

मी दर आठवड्याला पार्ल्याला जायचो. ताई तक्रारी करायची. शकू ओरडते, शकू शेजारच्या मुलाशी भांडली, शाळेत बाई म्हणाल्या की हिला गप्प बसता येत नाही. मी म्हणायचो, ओरडू दे. ताई चिडायची. मला ते ऐकायला आवडत असावं. नक्की सांगता येत नाही. आवडणं कसं असतं ते मला आठवतं, एखादी खोली कुठे आहे ते माहीत असतं, पण आत जाता येत नाही, तसं.

एकदा मी गेलो तेव्हा शकू पाठमोरी बसून धडा वाचत होती. मी तिच्या मागे उभा राहिलो. ती कशासाठी तरी वळली आणि एवढी दचकली की पुस्तक हातातून पडलं.

"बाबा, तुम्ही कधी आलात? जिन्याचा आवाज कसा नाही आला?"

त्या जिन्याच्या पायऱ्या अशा वाजतात की मांजर चढलं तरी कळतं. मी तिला म्हटलं, तू वाचण्यात गुंग होतीस. पण तिनं माझ्याजवळ येण्याआधी क्षणभर विचार केला. तो मी बघितला.

पुढच्या वेळी मी जिन्याकडे लक्ष दिलं. पहिल्या पायरीवर अख्खा भार टाकला. मग दुसरीवर. एकही वाजली नाही. वरपर्यंत गेलो. दारापलीकडून तिचा आवाज येत होता, कविता पाठ करत होती, चालीवर, मध्येच चुकत. कठड्यावर माझा हात होता. तो उचलून बघितला तर लाकडावर माझ्या पंजाच्या आकाराचं फिकट पिवळं राहिलं होतं.

आतून ताई म्हणाली, "शकू, थांब जरा. बाहेर कुणी आहे का?"

मी रुमालानं कठडा पुसला, प्रत्येक पायरी पुसत पुसत खाली उतरलो आणि परत गेलो नाही.

११

आता मी फोन करतो. आमच्या नाक्यावर शिवजी वाण्याचं दुकान आहे, तिथून. पार्ल्याचे मालक ताईला हाक मारतात, ताई शकूला पाठवते आणि ती जिन्यावरून धडधड उतरते. ते मला तारेतून ऐकू येतं. तेवढ्या लांबून तिला काही होणार नाही, असा माझा हिशेब आहे.

गेल्या रविवारी तिनं रिसीव्हर उचलला. "हॅलो. बाबा?"

"हो, बोल," मी म्हणालो. "जेवलीस का?"

"हॅलो? बाबा, तुम्ही आहात ना?"

"आहे. बोल ना, शकू."

"ऐकू नाही येत. मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो. नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेलेल्या मला जाणवत होत्या.

शिवजी वजनं पुसत काउंटरपलीकडे उभा होता, हातभर अंतरावर. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काशीराम, लाइन लागली ना? मग बोलत का नाहीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. दुकानात एक बाई साबण मागत होती. ट्यूबलाइट गुणगुणत होती. सगळं नीट ऐकू येत होतं.

"असू दे," तिकडून शकू म्हणाली. "तुमचा फोन बिघडला असेल. मीच बोलते, तुम्ही ऐका." आणि ती सांगायला लागली. शाळेत कुणी तिची पट्टी मोडली, तिनं त्याची कशी मोडली, बाईंनी दोघांना कसं उभं केलं. नवा दात येतोय, तरी शिट्टी अजून होते. आत्याकडे उंदीर निघाला. ती ओरडून सांगत होती, मला ऐकू जावं म्हणून. मध्ये मध्ये थांबून विचारत होती, "ऐकताय ना, बाबा?"

मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

शिवजीनं दोनदा घड्याळाकडे बघितलं. मी रिसीव्हर ठेवला नाही.